भोकरमार्गे माहूरगड

डोंगरावरचे गाव म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांसमोर ठराविक चित्र उभे राहते. तांबडी माती, भाड्याचे घोडे, एकामागून एक ‘पॉइंट’, चिक्कीची दुकाने आणि संध्याकाळी बाजारपेठेतून उगाच मारायची एक चक्कर. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा. फार तर विदर्भातल्या मंडळींसाठी चिखलदरा. ही गावे छानच आहेत. पण ती मुळात वसली ती साहेबासाठी. गव्हर्नर माल्कमने १८२८ च्या सुमाराला महाबळेश्वरी बंगले उठवले; माथेरान मॅलेटसाहेबाच्या नजरेत १८५० साली भरले आणि १९०७ साली तिथवर झुकझुकगाडी पोहोचली. साहेबाला उन्हाळा सोसत नव्हता म्हणून तो डोंगर चढला, आणि त्याच्यामागून आपण चढलो.

मग त्याआधी आपली माणसे डोंगरावर जातच नव्हती काय? जात होती, आणि चांगली बैलगाड्या जुंपून, आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळा खटला घेऊन जात होती. जेजुरीला जात होती, सप्तशृंगीला जात होती, माहूरला जात होती. त्याला ‘हवापालट’ असे भारदस्त नाव नव्हते. नवस फेडायचा, जावळ काढायचे, नव्या सुनेला कुळाच्या देवीच्या पायावर घालायचे, अशी कारणे असत. पण वाटेत नदी लागे, झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली जाई, पोरे पाण्यात डुंबत, बायका चार दिवस घरच्या चुलीपासून सुटत. यात्रा आणि सहल या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावे असा विचार चाललेल्या घरांसाठी अशाच एका जुन्या वाटेची ही माहिती आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरहून निघून, पैनगंगेच्या काठाकाठाने, किनवटच्या सागवनातून माहूरगडावर जाणारी ही वाट. नांदेडहून सकाळी मोटारीत बसायचे, दुपारी रेणुकामातेचे दर्शन घ्यायचे आणि रात्री परत, असे करणारे पुष्कळ आहेत. त्यांना देवी भेटते, पण गाव भेटत नाही, आणि वाट तर मुळीच भेटत नाही. चार दिवस हाताशी असतील तर ते चारही दिवस या वाटेला द्यावेत.

आता भोकरच का, असे कोणी विचारील. आमच्यापुरते उत्तर सोपे आहे. तिथे आमच्या मामांचे घर आहे. पण मामा नसलेल्यांनाही भोकर सोयीचे आहे. नांदेडपासून पन्नासएक किलोमीटरवर, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्सप्रेस हीच वाट धरते. निजामाच्या राज्यात इथे लहान रुळांची, म्हणजे मीटर गेजची गाडी होती. आता रूळ रुंद झाले आहेत. मात्र लहान स्टेशनांवरचा निवांतपणा पुष्कळसा तसाच आहे.

गावाचे नाव ऐकून शहरातल्या मुलांना हसू येते. ‘भोकर’ हे एका झाडाचेही नाव. त्याची हिरवी, बोराएवढी फळे चिकट असतात. त्यांचे लोणचे घालतात. ते खाल्ले नसेल त्याला त्याची गोडी सांगून कळायची नाही, आणि खाल्ले असेल त्याला सांगायची गरज नाही. मामींनी ताटात ते वाढले तेव्हा आमच्या धाकटीने बिया चोखता चोखता बोटे एकमेकांना चिकटवून घेतली आणि जेवण संपेपर्यंत तोच खेळ चालला.

भोकरला बाजाराच्या दिवशी फिरावे. मराठी, तेलुगू, बंजारा बोली आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा एकाच पालाखाली ऐकू येतात. तेलंगणाची हद्द इथून जवळ आहे. भैंसा, निर्मळ ही पलीकडची गावे इथल्या माणसाला परकी नाहीत. हळद, कापूस आणि सोयरिकी तिकडून इकडे होतच असतात. निर्मळची हलक्या लाकडाची रंगीत खेळणी प्रसिद्धच आहेत. आणि घरात यंदा पाटी धरणारे मूल असेल तर गोदावरीकाठच्या बासरच्या सरस्वतीला जाऊन यावे. आंध्र-तेलंगणातली आणि आपल्याकडचीही माणसे मुलांच्या हातून पहिले अक्षर गिरवून घ्यायला तिथे आणतात. तांदळात बोट फिरवणारी ती चिमुकली पोरे आणि त्यांच्याहून गंभीर झालेले त्यांचे बाप, हे दृश्य पाहण्याजोगे असते.

दिवाळीत या भागाला सीताफळांचे दिवस असतात. माळरानावर, बांधावर, कुठेही ही झाडे आपोआप उगवलेली. डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांच्या फटी पांढऱ्या झालेले फळ निवडावे, गवतात दोन दिवस ठेवावे आणि झाडाखाली बसून खावे. चमचा मागू नये.

आमची मंडळी होती ती अशी: मामा, आमची आई, आमची सौ., नववीतला थोरला आणि आठ वर्षांची धाकटी. आईला मामा ‘अक्का’ म्हणतात, म्हणून तिकडे गेल्यावर तीही सगळ्यांची अक्काच होते. अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेली दहा वर्षे कुरकुरताहेत. माहूर तिचे कुलदैवत, पण चाळीस वर्षांत जाणे झाले नव्हते. कधी कोणाची परीक्षा, कधी कोणाचे आजारपण. निघायच्या आदल्या रात्री मामांनी अंगणात खाट टाकून सगळ्यांना बसवले आणि प्रवासाचा एकच नियम सांगितला.

“सगळ्यांत हळू जो चालंल, त्याच्या पावलानं सगळे चालतील. पुढं पळायचं नाही. कोणी मागं राहिलं की वाट चुकली समजायचं.”

थोरल्याला हा नियम काही फारसा पसंत पडला नाही. त्याने मोबाइलमध्ये चार दिवसांत उरकायच्या अकरा ठिकाणांची यादी करून ठेवली होती.

पहिला मुक्काम सहस्रकुंडाचा. भोकरहून उत्तरेला निघाले की हिमायतनगर लागते. हे नाव निजामाच्या काळातले. जुनी माणसे अजूनही गावाला वाढोणा म्हणतात आणि तिथल्या परमेश्वराच्या देवळासाठी त्याला ओळखतात. त्यापुढे इस्लापूर, आणि इस्लापूरच्या अंगाला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशनही आहे.

पैनगंगा ही मोठी विचारी नदी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत वाहत विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली शीव होते. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे वर्धेला मिळते आणि तिच्या हातात हात घालून अखेर गोदावरीत जाते. एके काळी ही नुसती जिल्ह्याची शीव नव्हती. उत्तरेच्या काठावर इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, दक्षिणेच्या काठावर निजामाचे राज्य. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. तरी किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला.

असे दोन मुलखांमधून शांतपणे चालणारे हे पाणी सहस्रकुंडाला येते आणि एकदम खवळते. नदीचे पात्र काळ्या कातळाचे आहे. कातळ मध्येच तुटतो आणि पाणी अनेक धारांनी खालच्या घळईत कोसळते. परशुरामाच्या बाणांनी नदीचे पात्र फुटले आणि हजार धारा झाल्या, अशी कथा तिथली माणसे सांगतात. काठावर महादेवाचे देऊळ आहे. पावसाळ्यात सगळ्या धारा मिळून एकच गढूळ प्रपात होतो, त्या वेळी धारा मोजता येत नाहीत. उन्हाळ्यात मोजायला धारा उरत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळलेले असते, धारा निरनिराळ्या दिसतात आणि उन्हात तुषारांवर इंद्रधनुष्य उमटते. कुटुंबासह जायला हाच काळ बरा.

मात्र एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. सहस्रकुंड सुंदर आहे तितकेच घातकी आहे. कातळ शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो आणि खालच्या डोहांचा ठाव लागत नाही. शिवाय वरच्या अंगाला पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण आहे. तिथून पाणी सोडले की इथे आभाळ कोरडे असतानाही नदी चढते. आम्ही बसलो होतो तिथे जाळे सुकवत बसलेले एक म्हातारे भोई होते. थोरला कातळावरून पुढे पुढे सरकतो आहे हे पाहून त्यांनी त्याला हाक मारली.

“इकडं ये, बाळा. पाणी डोळ्यानं पाहू नये, कानानं पाहावं. वरून पाणी सुटलं की ह्या धारेचा आवाज बदलतो. आवाज बदलला की आपण उठावं. मोबाइलमधी पाहत बसलेल्याला आवाज कळत नाही.”

थोरला मुकाट्याने येऊन त्यांच्या शेजारी बसला. पुढचा तासभर त्या दोघांचे काय बोलणे चालले होते ते आम्हाला कळले नाही. पण संध्याकाळी जाळ्याची गाठ कशी मारायची हे त्याला येत होते. सौ.ने डबे उघडले होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चकल्या. अक्का पाण्यापासून दूर, वडाच्या सावलीत सतरंजीवर बसली होती. तिला धबधब्याची फारशी हौस नव्हती, पण पाण्याचा आवाज ऐकत तिला गाढ झोप लागली. घरी तिला झोपेची गोळी घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी किनवट. इस्लापूर सोडले की शेते मागे पडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचे जंगल सुरू होते. मराठवाडा म्हणजे उघडे माळ आणि दुष्काळ एवढेच ज्यांच्या मनात असेल त्यांनी हा भाग अवश्य पाहावा. साग, मोह, पळस, टेंभुर्णी, बांबू. पाऊस नुकताच संपलेला असल्याने गवत माणसाच्या कमरेइतके आणि टोकांना सोनेरी झालेले. तारेवर बसलेला नीलकंठ पक्षी उडाला की पंखांतला निळा रंग उघडतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. आम्हाला तो दिवाळीत दिसला. अक्काने दोन्ही हात जोडले, धाकटीने तिचे पाहून जोडले.

या जंगलात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा लोकांच्या वस्त्या आहेत. दिवाळीच्या दिवसांत गोंड आणि कोलाम वस्त्यांवर दंडारीचे नाच चालतात. मोरपिसांचे उंच मुकुट घातलेले घुसाडी, अंगाला राख, हातात काठी, आणि ढोलाचा न थांबणारा ठेका. हा खेळ पाहुण्यांसाठी मांडलेला नसतो, तो त्यांचा सण असतो. वाटेत अशी मंडळी भेटली तर बाजूला उभे राहून पाहावे, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. एवढी रीत पाळली तर बसायला घोंगडीही मिळते.

किनवटहून उनकेश्वरला जाता येते. हेही पैनगंगेच्या काठावर. इथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि पाण्याला गंधकाचा वास येतो. शरभंग ऋषींची त्वचाव्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. इथल्या पाण्याने कातडीचे रोग बरे होतात या श्रद्धेने दूरदूरची माणसे येऊन राहतात. रोगाचे वैद्याला विचारावे. पण कुरकुरणारे गुडघे ऊन पाण्यात बुडवून तासभर बसल्याने माणसाला किती बरे वाटते, याला वैद्याची साक्ष नको. जमिनीतून ऊन पाणी का येते, असे धाकटीने विचारले. जमिनीत खोल मुरलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापते आणि फट सापडली की वर येते, असे मामांनी समजावले. तिने ते ऐकून घेतले आणि रामाचा बाण त्या फटीसाठीच असणार असे ठरवून टाकले. मामा म्हणाले, “पोरगी वकील होणार.”

तिसऱ्या दिवशी माहूर.

माहूर हे खरोखर डोंगरातले लहानसे गाव आहे. पायथ्याशी वस्ती, तिच्यापासून जवळच कोरीव पांडवलेणी, आणि गावाला वेढून तीन शिखरे. एकावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अत्रि-अनसूया. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे, आणि सप्तशृंगी हे अर्धे. दत्तप्रभूंची नित्याची निद्रा माहुरास, असे दत्तसंप्रदायात मानतात. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेय माहूरचेच; त्यांचे देवदेवेश्वराचे देऊळ इथे आहे. याच डोंगरांत सोनापीर बाबांचा दर्गा आहे, आणि जवळच वझरा इथे शेख फरीद बाबांच्या नावाचा धबधबा आहे. झाडीत लपलेला हा धबधबा सहस्रकुंडासारखा गर्जत नाही, हळू आवाजात कुजबुजतो. मुलांना घेऊन बसायला ती जागा चांगली. इतक्या निरनिराळ्या पंथांच्या माणसांना हा एकच डोंगर आपला वाटतो, आणि कोणालाही दुसऱ्याची अडचण होत नाही.

रेणुकेची कथा या वाटेवर जाणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवावी. कार्तवीर्याच्या वैरात जमदग्नी मारले गेले. परशुरामाने कावड केली. एका पारड्यात वडिलांचा देह, दुसऱ्यात आई, आणि ती खांद्यावर घेऊन तो अंत्यसंस्कारासाठी योग्य भूमी शोधत माहूरला आला. दत्तात्रेयांनी विधी सांगितला, परशुरामाने बाण मारून पाणी काढले, तेच मातृतीर्थ. रेणुका सती गेली. परशुराम आईसाठी शोक करू लागला तेव्हा त्याला सांगण्यात आले की आई पुन्हा भूमीतून प्रकट होईल, मात्र तू मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवले नाही. त्याने पाहिले, तेव्हा आईचे केवळ मुख वर आले होते. बाकीचे जमिनीतच राहिले. म्हणून माहूरला देवीची उभी मूर्ती नाही, शेंदूर चर्चिलेला भव्य तांदळा आहे.

देवीच्या पायऱ्यांपाशी आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दोन्ही बाजूंना हळदकुंकू, नारळ, बांगड्या यांची दुकाने. अक्काने वर पाहिले आणि काही बोलली नाही. डोलीवाले पुढे आले. सौ. म्हणाली, “आई, डोलीत बसा. देवीला काही राग यायचा नाही.”

“देवीला नाही येणार,” अक्का म्हणाली, “पण मला येईल.”

थोरल्याच्या मनात होते की आपण पटकन वर जाऊन रांगेत उभे राहावे, म्हणजे वेळ वाचेल. मामांनी फक्त त्याच्याकडे पाहिले. मग चढाई सुरू झाली. पाच पायऱ्या, विसावा. पुन्हा पाच पायऱ्या, विसावा. शेजारून माणसे भराभर वर जात होती, दर्शन घेऊन खालीही येत होती. मध्यावर अक्काचा श्वास वर लागला आणि ती कठड्याला टेकून बसली. चेहरा पांढरा पडला. त्या वेळी मात्र सगळे घाबरलो. मामा म्हणाले, “अक्का, तू म्हणशील तिथून परत फिरू. इथूनच नमस्कार केला तरी पोचतो.”

अक्का बराच वेळ बोलली नाही. मग तिने पाणी मागितले, दोन घोट घेतले आणि थोरल्याला जवळ बोलावून त्याचा खांदा धरला. “तुझा आजोबा मला लग्नानंतर इथं घेऊन आला तेव्हा तुझ्याएवढाच उंच होता,” ती म्हणाली. “पण तो पुढं पळायचा. वर जाऊन हाका मारायचा. मी एकटीच चढले.” यावर कोणालाच काही सुचले नाही. थोरल्याने मोबाइल बहिणीकडे दिला आणि आजीचा हात आपल्या खांद्यावर नीट बसवला. त्यानंतर पायऱ्या तोच मोजू लागला, मोठ्याने, आणि दर पाचाला आपण होऊन थांबू लागला.

एरवी पंधरावीस मिनिटांत चढून होतील अशा पायऱ्यांना आम्हाला सव्वा तास लागला. गाभाऱ्यात अक्का देवीसमोर उभी राहिली ती किती वेळ कोण जाणे. पुजाऱ्यांनीही तिला पुढे सरकायला सांगितले नाही. इथला प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पाने आणि मसाला एकत्र कुटून केलेला हा विडा देवीला दाखवतात आणि मग भक्तांना देतात. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि नुकते दात आलेल्या मुलांना सारखाच खाता येतो. आजी आणि नात दोघींची तोंडे लाल झाली, आणि दोघी एकमेकींना जिभा काढून दाखवू लागल्या.

थोरल्याच्या यादीतले अनसूया शिखर राहून गेले. दत्तशिखरापर्यंत मोटार जाते, तिथवर गेलो. दशनामी गोसाव्यांचे हे जुने स्थान, आजूबाजूला दाट रान. मार्गशीर्षात दत्तजयंतीला आणि त्याआधी नवरात्रात इथे माणसांना उभे राहायला जागा नसते. राखी पौर्णिमेच्या सुमाराला भाविक रानातून गडाची परिक्रमा करतात. धडधाकट तरुणांनी ती एकदा करावी. दिवाळीत मात्र सगळीकडे शांत असते. सूर्य मावळला आणि पूर्वेकडे कृत्तिकांचा झुबका वर आला. या नक्षत्रावरूनच कार्तिक महिन्याचे नाव पडले. शहरात दिव्यांच्या झगमगाटात हा झुबका दिसत नाही. इथे धाकटीने त्यातल्या सहा चांदण्या मोजल्या आणि सातवी दिसते की नाही यावर मामांशी पैज लावली.

चौथा दिवस रामगडाला, म्हणजे माहूरच्या किल्ल्याला. अक्का गावातच राहिली, तिच्याजवळ सौ. थांबली, हळू चालणाऱ्याला विश्रांतीचाही हक्क असतो, असे मामांनी नियमात पोटकलम घातले. किल्ला मोठा आहे. हत्ती दरवाजा, लांबलचक तटबंदी, महाकाली बुरूज, आत तलाव. गोंड राजे, बहामनी, वऱ्हाडची इमादशाही, निजामशाही, मोगल असे धनी या गडाने पाहिले. बापाविरुद्ध, म्हणजे जहांगीरविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेला शहाजहान १६२३ च्या सुमाराला याच गडाच्या आश्रयाने पुढे गेला.

मुलांना त्याहून आवडते ती रायबागनची गोष्ट. ही माहूरच्या देशमुखांच्या घराण्यातली. नवरा गेल्यावर हिने जहागिरीचा कारभार आणि फौज सांभाळली, आणि मोगलांच्या बाजूने लढून ‘रायबागन’, म्हणजे वाघीण, असा किताब मिळवला. १६६१ साली कारतलबखानाबरोबर ती कोकणात उतरताना उंबरखिंडीत होती. शिवाजी महाराजांनी खिंड दोन्ही तोंडांनी बंद केली तेव्हा, शरण जाण्यातच शहाणपण आहे, हा सल्ला खानाला हिनेच दिला, आणि सैन्य वाचले. “म्हणजे ती आपल्या बाजूची नव्हती?” धाकटीने विचारले. नव्हती, मामा म्हणाले. पण कुठे थांबावे हे तिला कळत होते. तटावर बसून पैनगंगेच्या बाजूचे रान पाहताना थोरल्याने विचारले, “मामा, खिंडीत तिच्याबरोबर म्हातारी माणसंपण होती का?” मामांना त्याचे उत्तर देता आले नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. रात्री गारठा पडतो, मुलांसाठी लोकरीचे कपडे हवेत. भोकर, हिमायतनगर, किनवट इथपर्यंत रेल्वे आहे; पुढे एस.टी. किंवा भाड्याची जीप. माहूरला भक्तनिवास आणि साधी लॉज आहेत. नवरात्र आणि दत्तजयंती टाळली तर जागा मिळते. जंगलातल्या रस्त्याने अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. कातळावर रबरी चपला घालून जाऊ नये. पाण्याजवळ एका मोठ्या माणसाने काही न करता, फक्त मुलांवर लक्ष ठेवून बसावे. हे काम आळीपाळीने करावे. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा, कारण सहस्रकुंडाच्या काठावर आधीच इतरांचा पुष्कळ पडला आहे.

आणि घरात कोणी अक्का असतील, गुडघ्यांची सबब सांगून ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते’ म्हणत असतील, तर त्यांचे ऐकू नये. त्यांना आधी गाडीत बसवावे, मग बाकीचे सामान भरावे. अकरा ठिकाणांपैकी पाचच पाहून होतील. अनसूया शिखर पुढच्या वर्षी आहेच; आमच्या थोरल्याने ते आतापासून यादीत पहिले लिहिले आहे, आणि त्याच्यापुढे कंसात, ‘डोलीवाल्यांना विचारणे; अक्काला आधी सांगू नये’, असेही लिहून ठेवले आहे.